आधी वाफसा, मग हरळी

"आरं, आमचा सबंध जल्म गेला हरळी खणून काढण्यात, आन् तू ती पैसं देऊन पेरतोस?" बियाण्याची पिशवी हातात तोलत मामा म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. हरळी म्हणजे शेतकऱ्याची पिढीजात वैरीण. नांगराने तोडली तर तुकड्यातुकड्यातून फुटते, बांधावर उपटून टाकली तर पहिल्या पावसात पुन्हा डोकं वर काढते. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच, आणि शहरातल्या मैदानांवर 'बर्म्युडा ग्रास' म्हणून मिरवते तीही हीच. मग लॉनसाठी पेरलेलं असं चिवट गवत आमच्या सासवडजवळच्या जागेत पहिल्या वर्षी उगवलं का नाही?

त्याचं उत्तर मला एक अख्खा पावसाळा वाया घालवून मिळालं. शेतात जी हरळी मरत नाही ती जमिनीतल्या काशांवर, म्हणजे मातीखाली पसरणाऱ्या खोडांवर जगते. त्या काशांत महिनोन् महिने पुरेल एवढी शिदोरी असते. बियाण्याची हरळी मात्र वेगळीच गोष्ट. साल काढलेल्या एका किलो बियाण्यात चाळीस लाखांच्या आसपास दाणे बसतात, यावरून एक दाणा केवढा असेल बघा. त्याच्या पोटातलं अन्न पाचसहा मिलिमीटर माती फोडून वर येण्यापुरतंच. इंचभर खोल गेला तर वाटेतच संपला, उघडा राहिला तर दुपारच्या उन्हात वाळला. आणि उगवला तरी मूळ खाली जायला जागा हवी. आमच्याकडे ती नव्हती. घराचं काम संपल्यावर ठेकेदाराने जेसीबीने जागा सपाट केली, वर लाल माती पसरली आणि आम्ही हौसेने भर जुलैत बी फेकलं. दोन मोठ्या सरी आल्या. सगळं बी फाटकाजवळच्या कोपऱ्यात वाहून गेलं आणि तिथे दहा फुटांचा असा दाट गालिचा उगवला की विचारू नका. बाकी सगळीकडे गाजरगवत.

दुसऱ्या वर्षी उलट्या बाजूने सुरुवात केली. बी शेवटी, माती आधी. इथे लिहितोय ते त्या वर्षाबद्दल. ज्यांची जागा चारपाच गुंठ्यांहून मोठी आहे त्यांना हे जास्त उपयोगी पडेल. छोट्या अंगणाला नर्सरीतून तयार गवताच्या चटया आणून अंथरणं सोपं असतं. मोठ्या जागेला त्याचा खर्च चौरस फुटाने चढत जातो, म्हणून माणूस बियाण्याकडे वळतो.

पहिलं काम कागदावरचं, आणि तेच सगळे टाळतात: लॉन किती हवं? आमच्या डोक्यात वीस गुंठे होतं. उन्हाळ्यात हरळीला रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला दिवसाला पाचशे लिटर, आणि वीस गुंठ्यांना दहा हजार. रोज एक मोठा टँकर! पुरंदर हा पाण्यासाठी आभाळाकडे बघणारा तालुका. तिथे शेजारच्या विहिरी तळाला गेलेल्या असताना आपण गवतावर टँकर ओतायचा हे मला तरी पटेना. आम्ही आठ गुंठ्यांवर आलो. उरलेल्या जागेत आंबा, चिंच, सीताफळ. आजही वाटतं, सहा गुंठे पुरले असते.

आकडा ठरला की ब्रासचा हिशेब करता येतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एका गुंठ्यावर एक इंच जाडीचा थर द्यायचा तर जवळपास ९१ घनफूट, म्हणजे ब्रासला थोडं कमी माल लागतो. एवढं एकच गणित लक्षात ठेवलं तर मातीवाला, खतवाला, कोणीच तुम्हाला गंडवू शकत नाही. आठ गुंठ्यांवर इंचभर शेणखत म्हणजे सव्वासात ब्रास, चार इंच माती म्हणजे एकोणतीस ब्रास. पहिल्या वर्षी आमच्याकडे लाल मातीचे दोन डंपर पडले होते. भागलं तर अर्धा इंचसुद्धा जाडी होत नव्हती. ते माती घालणं नव्हतं, जमिनीला पावडर लावणं होतं.

मग फेब्रुवारीत कुदळ घेऊन जागेत सात ठिकाणी दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले. मोठ्या जागेत ही गोष्ट चुकवू नका, कारण मोठी जागा एकसारखी कधीच नसते. घराच्या बाजूला चार बोटांवर कडक मुरूम लागला. ओढ्याच्या बाजूला दोन फूट काळी माती आणि तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. मधल्या पट्ट्यात काय निघावं? सिमेंटचे गोळे, टाइल्सचे तुकडे, बाइंडिंग वायर, प्लास्टरचा भुगा आणि कामगारांच्या चपला. घर बांधताना त्या जागेवर माल कालवला जात होता. सिमेंट आणि चुना मातीला आणखी अल्कधर्मी करतात, आणि ते गाडलेले तुकडे उन्हाळ्यात तापून वरचं गवत नेमकं तेवढ्याच आकारात वाळवतात. दोन ट्रॉली राडारोडा बाहेर काढला. घर अजून बांधायचं असेल तर पाया खणण्याआधी वरची सहाआठ इंच काळी माती खरवडून एका कोपऱ्यात ढीग करून ठेवा. नंतर तीच माती विकत घ्यायला जाल तेव्हा तिची किंमत कळेल.

माती परीक्षण करायचं तर नमुना नीट घ्यावा लागतो. कृषी विभागाची प्रयोगशाळा किंवा कृषी विज्ञान केंद्र, कुठेही द्या, नमुना चुकला की अहवालही चुकणार. नागमोडी चालत आठदहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या एका बाजूची पातळ चकती वरपासून खालपर्यंत काढायची, सगळ्या चकत्या गोणपाटावर एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. झाडाखाली, बांधाजवळ, उकिरड्याशेजारी घ्यायचा नाही. आणि माती दोन प्रकारची असेल तर पिशव्या दोन. आम्ही मुरमाड भागाची आणि काळ्या भागाची वेगळी दिली.

अहवालात चार गोष्टी बघा: सामू (म्हणजे पीएच, माती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुनखडी. आमच्या काळ्या मातीचा सामू ८.१ आला. पठारावरच्या काळ्या जमिनींत हे नेहमीचंच. ही माती बेसाल्टपासून बनलेली, वर चुनखडी भरपूर. इथे एक गंमत सांगतो. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ आपल्या लॉनवर चुना टाकतो आणि मलाही टाकायला सांगत होता. त्याची जमीन आम्लधर्मी, तिथे चुन्याने सामू वर येतो आणि गवत सुधारतं. आपल्याकडे कोकणातल्या जांभ्या मातीला हा सल्ला एखाद वेळेस लागू पडेल. पण आठच्या वर सामू असलेल्या काळ्या रानात चुना म्हणजे दुखत्या दातावर साखर. सल्ला किंवा इंटरनेटवरचा व्हिडिओ कुठल्या गावच्या मातीचा आहे हे आधी बघावं.

बरं, मग सामू खाली आणायचा का? जिथे मुक्त चुनखडी आहे तिथे त्या भानगडीत पडू नका. गंधक टाकलं की त्यातून तयार होणारं आम्ल ती चुनखडी पिऊन टाकते, आणि तिचा साठा तुमच्या बजेटपेक्षा मोठा असतो. हरळीला असा सामू चालतो. फार तर लोह मिळेनासं होऊन पातं पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर नंतर फेरस सल्फेटची फवारणी करता येते. जिप्समबद्दलही असंच. ते सोडियमने चोपण, म्हणजे घट्ट चिकट, झालेल्या जमिनीचं औषध आहे. अहवालात सोडियमचं दुखणं नसेल तर त्याने माती भुसभुशीत होईल ही आशा सोडा.

स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी असेल तर मात्र ते आत्ताच द्यायचं. नत्र, म्हणजे नायट्रोजन, पाण्याबरोबर खाली जातं, ते उगवल्यावर वरून देता येतं. स्फुरद टाकाल तिथेच बसतं, म्हणून ते मुळांच्या वाटेवर आधीच मिसळून ठेवावं लागतं. आम्ही गुंठ्याला तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळलं.

आता पाणी मुरतं का ते बघणं. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या वेळेला पट्टी लावून घड्याळ बघायचं. तासाला इंचभर उतरलं तर उत्तम. अर्ध्या इंचाच्या खाली असेल तर पावसाळ्यात तिथे डबकं होणार. आमच्या मुरमाड भागात जेसीबीच्या येण्याजाण्याने जमीन अशी दबली होती की संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी तसंच.

यावर लोक काय करतात, तर त्या कडक जमिनीवर थेट नवी माती ओततात. पहिल्या वर्षी आम्हीही तेच केलं होतं. ताटलीत भात वाढल्यासारखी ती माती वर बसते. पाणी मऊ थरातून खाली जातं, कडक थराशी अडतं, वरची माती लगदा होते आणि उतार मिळाला की सगळंच घसरतं. मुळंही त्या सीमेवर येऊन आडवी वळतात. आधी खालचा थर फोडायला हवा. आम्ही ट्रॅक्टरला सबसॉयलर (खोलवरचा थर चिरणारा फाळ) लावून मुरूम उभा-आडवा चिरला, नव्या मातीचा पहिला दोन इंचांचा थर त्यात कल्टिव्हेटरने मिसळला, मग उरलेली माती टाकली. दोन थरांमधली रेघ पुसली गेली पाहिजे. मातीची जाडी सहा इंच तरी हवी. विकतची माती घेताना डंपर रिकामा होण्याआधी मूठभर हातात घेऊन बघा. तांबडी दिसते म्हणून सुपीक नसते, बऱ्याचदा तो नुसता बारीक मुरूम असतो. आणि तिच्यात काळ्या, सुपारीपेक्षा लहान गाठी दिसल्या तर डंपर परत पाठवा. तो लव्हाळा आहे, गाठींतून पुन्हापुन्हा फुटणारं तण.

काळ्या भागात अडचण वेगळी. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. कोणीतरी हमखास सांगतं की थोडी वाळू घाला, हलकी होईल. होत नाही. चिकण मातीचा स्वभाव बदलायला निम्म्याहून जास्त वाळू लागते. थोडी घातली तर चिकण तिच्या फटींत भरून बसते आणि वाळल्यावर विटेसारखं काहीतरी तयार होतं. तिथे एकच उपाय चालतो, सेंद्रिय पदार्थ. इंच-दीड इंच कुजलेलं शेणखत वरच्या चारपाच इंचांत मिसळायचं. 'कुजलेलं' हा शब्द मी दोनदा लिहायला तयार आहे. कच्च्या शेणात तणाचं बी जिवंत असतं, वाळवी त्याच्यामागे येते आणि हुमणीलाही ते मानवतं. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि जमिनीत अंडी घालतात. पुढे त्या अळ्या गवताची मुळं कुरतडतात. मग लॉन चादरीसारखं हाताने उचलून येतं. खत मुठीत घ्या. शेणाचा वास येता कामा नये, पावसात भिजलेल्या रानाचा आला पाहिजे.

आता मशागतीचा मुख्य शब्द, वाफसा. हा शब्द आपल्या भाषेत आहे हे आपलं भाग्य, नाहीतर तो समजावायला परिच्छेद लागला असता. माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, आत हवाही खेळते आहे, अशी ती वेळ. मामांची परीक्षा सोपी आहे: वीतभर खालची माती घेऊन मुठीत लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. लाडू वळलाच नाही तर रान कोरडं, ट्रॅक्टर नुसती ढेकळं काढेल. पडून चपटा झाला तर ओलं, चाक जिथे जाईल तिथे माती दाबून वीट करेल. पडून फुटला तर वाफसा. ट्रॅक्टरवाल्याचं भाडं तासाचं असतं आणि त्याला दुसरीकडे जायचं असतं. तो म्हणेल, "चालतंय, साहेब." चालत नसतं. आमच्या काळ्या रानात मे महिन्यातल्या वळवानंतर तिसऱ्या दिवशी तो आला आणि मामांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. काम सहाव्या दिवशी झालं.

रोटाव्हेटरबद्दल एक. त्याने माती पिठासारखी होते म्हणून लोक खूश होतात आणि चारचार वेळा फिरवतात. वरचं पीठ पहिल्या पावसात लिंपणासारखं बसतं आणि वाळून पापडी धरतं. ती पापडी आमच्या त्या चिमुकल्या दाण्याला फुटत नाही. शिवाय पाती ज्या खोलीवर घासतात तिथे एक कडक थर तयार होतो. एकदा, फार तर दोनदा. हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे राहिले तर राहू द्या.

लव्हाळा असलेल्या पट्ट्यात तर रोटाव्हेटर नेऊच नका. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या ओवलेल्या असतात. माळ तोडली की प्रत्येक गाठ स्वतंत्र होऊन फुटते. मार्च-एप्रिलमध्ये नांगरून गाठी वर आणायच्या, वेचायच्या, उरलेल्या उन्हात सुकू द्यायच्या. अगदी हट्टी तुकड्यावर आम्ही माती भिजवून पारदर्शक प्लास्टिक अंथरलं, कडा मातीत दाबल्या आणि मेअखेरपर्यंत पाच आठवडे तसंच ठेवलं. आत भट्टी होते. तणाचं बरंचसं बी मरतं, लव्हाळ्याचा जोर कमी होतो, सगळा जात नाही. आठ गुंठ्यांना हे परवडणार नाही, अर्ध्या गुंठ्याला परवडतं.

उतार मात्र बी पडण्याआधीच द्यायचा, नंतर तो हातात राहत नाही. घरापासून बाहेर, शंभर फुटांना एक ते दोन फूट. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन खुंट्यांना धरली की उंचीतला फरक समजतो, कुठलंही यंत्र लागत नाही. स्प्रिंकलरच्या पाइपांचे चरही याच वेळी खणायचे आणि थराथराने पाणी मारत भरायचे. आमचा एक चर घाईत भरला होता, तो पावसाळ्यात असा खचला की लॉनवर सरळ रेघ उमटली.

मग आम्ही काय केलं, तर काहीच नाही. जूनमध्ये पाऊस आला आणि जागा तशीच उघडी ठेवली. शेजारी विचारायचे, बी कधी? मला बी नको होतं, मला पाऊस हवा होता. मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन फिरायचं आणि जिथे पाणी साचलंय तिथे वेळूची काठी रोवायची. अकरा काठ्या झाल्या. कुठलाही सर्व्हेअर एवढं नेमकं दाखवणार नाही, तेही फुकट. भरलेली माती एका पावसाळ्यात बसते तेवढी बसली. आणि मातीत दडलेलं सगळं तण उगवून आलं. गाजरगवत, आघाडा, दुधाणी, सगळी वरात. गाजरगवताला फुलं येण्याआधी मुळासकट उपटलं. हे गवत भारतात पहिल्यांदा पुण्यातच नोंदलं गेलं, १९५०च्या दशकात, आणि त्याच्या एका झाडाला हजारो बिया धरतात. बाकीचं खुरप्याने आणि कुळवाने वरच्यावर खरवडलं. खोल नाही, कारण खोल गेलात की खालचं नवं बी वर येतं. उगवू द्यायचं, मारायचं, पुन्हा उगवू द्यायचं. तीन फेऱ्यांनंतर चौथ्यांदा विरळच आलं.

ऑगस्टच्या शेवटी काठ्यांच्या जागा भरल्या, फळी फिरवली, दाताळ्याने खडे ओढले. मग दोनशे लिटरच्या पिंपात अर्धं पाणी भरून ते जमिनीवरून लोळवलं. मऊ केलेली जमीन पुन्हा दाबायची कशाला, असं वाटेल. बी आणि माती यांचा नीट स्पर्श झाला नाही तर ओल दाण्यापर्यंत पोचत नाही. किती दाबायचं याचं माप आपल्या पायात आहे: चालल्यावर ठसा अर्ध्या इंचाचा उमटला पाहिजे. पाय घोट्यापर्यंत गेला तर पिंप आणखी फिरवा, ठसाच उमटला नाही तर पुन्हा दाताळं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मोठ्या सरी ओसरल्यावर आणि जमीन अजून उबदार असताना, बी पडलं. गुंठ्याला पाऊण किलोच्या हिशेबाने आठ गुंठ्यांना सहा किलो. चौपट कोरड्या वाळूत मिसळून निम्मं उभं, निम्मं आडवं फेकलं आणि खराट्याच्या पाठीने हलकेच झाकलं. नवव्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात जमिनीवर हिरवी लव दिसली.

एक काम मात्र बी पडण्याआधी, मामांच्या हट्टामुळे झालं होतं. त्यांच्या ज्वारीच्या रानाला आमची जी बाजू लागते, तिकडे फूटभर खोल चर खणून त्यात शहाबादी फरशीचे उभे तुकडे पुरले, वर दोन बोटं दिसतील असे. हरळीच्या काश्या जमिनीखालून सरकतात, त्यांना अडवायला काहीतरी लागतंच. फरशीवरून उतू जाणाऱ्या धुमाऱ्यांना दर महिन्याला कात्री लागते ती वेगळी. ते काम माझ्याकडे आहे. मामा बांधावर बसून मोजतात.